हानलेच्या वाटेवर: विरळ हवेतील एक अभ्याससहल

लेहहून सिंधूच्या काठाने आग्नेयेला निघाले की उपशीपर्यंत पॉपलरची झाडे, जर्दाळूच्या बागा आणि सातूची शेते सोबत करतात. पुढे हळूहळू झाडे मागे पडतात, दरी अरुंद होते आणि नदी व रस्ता यांच्याखेरीज हलणारे काही उरत नाही. चुमाथांग, माहे, न्योमा, लोमा अशी गावे घेत सुमारे अडीचशे किलोमीटरवर हानले येते. एका विस्तीर्ण, ओलसर कुरणाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या टेकडीवर सतराव्या शतकातील बौद्ध गोम्पा आणि समोरच्या डोंगरावर भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा. समुद्रसपाटीपासून ४,५०० मीटर उंचीवरची ही जागा निवडली गेली ती तेथील हवा कोरडी, स्वच्छ आणि विरळ आहे म्हणून. ताऱ्यांना जी हवा मानवते तीच माणसाच्या छातीला जड जाते, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

आमच्या भागातील एका विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाने काही वर्षांपूर्वी हानलेची अभ्याससहल ठरविली, तेव्हा सोबत डॉक्टर म्हणून मी गेलो होतो. पदव्युत्तर वर्गाचे छत्तीस विद्यार्थी, चार प्राध्यापक, प्रयोगशाळेत तीस वर्षे काढलेले एक परिचर (त्यांना सारे ‘मामा’ म्हणत), आणि विभागाचे निवृत्त प्रमुख. त्यांचे वय अडुसष्ट, रक्तदाबाची गोळी चालू. त्यांनी आयुष्यभर खगोलशास्त्र शिकविले होते. हानले मात्र पाहिले नव्हते. या पाक्षिकाचे पुष्कळसे वाचक त्यांच्या वयाचे आहेत आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरातून कोणी ना कोणी अशा सहलीला जात असते. म्हणून त्या प्रवासातील वैद्यकीय बाजू जरा विस्ताराने सांगतो.

प्रथम मूळ गोष्ट. उंचावर प्राणवायूचे ‘प्रमाण’ कमी होते, ही समजूत बरोबर नाही. हवेतील प्राणवायूचा वाटा पुण्यात, लेहमध्ये आणि एव्हरेस्टवरही एकवीस टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. लेह ३,५०० मीटरवर आहे. तेथे हा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश भरतो. म्हणजे आपण पूर्ण श्वास घेतला तरी हाती येणारा प्राणवायू दोन तृतीयांशच. याचा प्रत्यय स्वयंपाकघरातही येतो. लेहमध्ये पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळू लागते, त्यामुळे उघड्या पातेल्यातील डाळ तासन्‌तास शिजत नाही आणि प्रेशर कुकरवाचून भात होत नाही. मुलांनी घरून आणलेल्या भडंग-चिवड्याच्या पाकिटांचे फुगे झाले होते. जे पाकिटाला होते ते दिसते. जे रक्ताला होते ते दिसत नाही, एवढाच फरक.

शरीर यावर उपाय करते, पण त्याला वेळ लागतो. श्वास वाढतो, मूत्रावाटे क्षार बाहेर टाकले जातात, रक्ताची घडण बदलते. या जुळवणीला दिवस लागतात. विमानाला लागतो तास-सव्वा तास. दिल्लीहून सकाळच्या विमानाने निघालेला माणूस न्याहारीच्या वेळेला लेहमध्ये उतरतो तेव्हा त्याचे फुप्फुस अजून दिल्लीतच असते.

हे ज्ञान आपल्याच सैनिकांनी फार मोठी किंमत देऊन मिळवून दिले आहे. १९६२च्या युद्धकाळात मैदानी प्रदेशातील जवानांना घाईने उंच सीमेवर न्यावे लागले. लष्करी डॉक्टर इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या आजारपणाचा अभ्यास १९६९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला, जगभरचे डॉक्टर आजही त्याचा आधार घेतात. त्या जवानांत दुबळे कोणी नव्हते. धडधाकट, कवायतीत तयार झालेली विशी-तिशीतील माणसे होती ती. तारुण्य आणि व्यायाम यांनी विरळ हवेपासून संरक्षण मिळत नाही, हे त्यांच्या आजारपणाने दाखवून दिले. उलट साठीपुढची माणसे या साध्या पर्वतीय आजाराला तरुणांपेक्षा अधिक बळी पडतात असे आढळत नाही. ती हळू चालतात आणि वेळीच बसतात, हेही त्याचे एक कारण असावे, असे मला वाटते.

विभागाचा पहिला बेत मनाली–लेह मार्गाचा होता. खर्च कमी आणि देखावे अधिक. मी त्याला हरकत घेतली ती एका मुक्कामापायी. मनाली २,०५० मीटरवर. तेथून निघालेल्या गाड्या बहुधा रात्रीला सरचूच्या तंबूंत थांबतात, आणि सरचू ४,२९० मीटरवर आहे. एका दिवसात झोपण्याची उंची दुपटीहून अधिक! दिवसा उंच खिंड ओलांडून जाणे शरीर बरेचसे सोसते; झोप मात्र उंचावर घेतली की ते हिशेब मागते. तीन हजार मीटरच्या पुढे झोपण्याची जागा दररोज पाचशे मीटरहून अधिक चढवू नये आणि तीन-चार दिवसांमागे एक दिवस त्याच उंचीवर विश्रांती घ्यावी, असा सर्वमान्य दंडक आहे. मनालीकडूनच जायचे तर जिस्पा किंवा केलाँगला एक-दोन रात्री काढाव्यात आणि सरचूला मुक्काम न करता पार व्हावे. एवढे दिवस आमच्याजवळ नव्हते.

म्हणून झेलम एक्स्प्रेसने दोन रात्रींचा प्रवास करून जम्मू, तेथून श्रीनगर, मग झोजी-ला ओलांडून कारगिल आणि पुढे फोतू-ला उतरून लेह असा मार्ग घेतला. श्रीनगर सुमारे १,६०० मीटर, कारगिल सुमारे २,७००, लेह ३,५००. शेवटची उडी दंडकापेक्षा मोठी आहे. तिची भरपाई लेहमध्ये पूर्ण दोन दिवस बसून केली. ‘बसून’ हा शब्द शब्दशः घ्यावा. पहिल्या दिवशी शांतिस्तूपाच्या पायऱ्या चढायला निघालेल्या सहा मुलांना मामांनी बाजाराच्या चौकातून परत आणले.

परंतु खरी तयारी निघण्यापूर्वी तीन महिने सुरू झाली होती. विभागाने सर्वांकडून आरोग्याचा अर्ज भरून घेतला. ‘पूर्वीचे आजार’ या रकान्यात छत्तीसपैकी चौतीस जणांनी ‘नाही’ असे लिहिले. छत्तीस तरुणांत दमा, अर्धशिशी, फिट, रक्तक्षय किंवा मानसिक आजारावरील औषध यांपैकी काहीच जवळपास कोणाला नसावे, हे माझ्या दवाखान्याच्या अनुभवात बसेना. मुले खोटे बोलत नव्हती; ती घाबरत होती. खरे लिहिले तर नाव वगळतील, हा त्यांचा हिशेब होता आणि संस्थांचा रिवाज पाहता तो अगदीच चुकीचा नव्हता. म्हणून मी विभागप्रमुखांना दोन गोष्टी मागितल्या: प्रत्येकाशी दहा मिनिटे एकांतात बोलण्याची मुभा, आणि ‘कळले म्हणून वगळणार नाही, आधी मार्ग शोधू’ असे सर्वांसमोर दिलेले आश्वासन. दुसरी गोष्ट मिळायला वेळ लागला, पण मिळाली.

त्या दहा-दहा मिनिटांत तीन दमेकरी निघाले, एक मुलगी फिटच्या गोळ्या घेणारी निघाली, दोघींचे हिमोग्लोबिन आठाच्या घरात निघाले. दम्याची मुले नियमित पंप घेत असतील तर लेहला बहुधा सुखरूप राहतात. तेथील कोरड्या हवेत धूळकिडे फारसे नसतात. रक्तक्षयाच्या मुलींना तीन महिने लोह दिले. आणि गडचिरोली जिल्ह्यातील एका विद्यार्थ्याने खिशातून घडी घातलेले सिकलसेल तपासणीचे कार्ड काढून टेबलावर ठेवले. तो वाहक होता.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण ही माहिती महाराष्ट्रातील घरांना विशेष लागू आहे आणि सहलीच्या कोणत्याही पत्रकात ती सापडत नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, गोंदिया, मेळघाट, नंदुरबार या पट्ट्यात पुष्कळ आढळतो. आई आणि वडील दोघांकडूनही दोषी जनुक आले तर आजार. एकाकडूनच आले तर ती व्यक्ती वाहक. वाहकाला एरवी काहीही त्रास नसतो. तो खेळतो, शेतात राबतो, सैन्यातही जातो. परंतु प्राणवायूचा दाब पुष्कळ घटला की वाहकाच्याही रक्तपेशी विळ्यासारख्या वाकू शकतात आणि प्लीहेचा रक्तपुरवठा तुंबू शकतो. डाव्या बरगड्यांखाली अचानक तीव्र वेदना, उलटी, ताप ही त्याची खूण. असे क्वचित घडते, पण उंचावर गेलेल्या वाहकांत घडल्याच्या नोंदी आहेत; आणि पोटदुखी म्हणून तिकडे दुर्लक्ष झाले तर जिवावर बेतू शकते. ज्यांना प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार आहे त्यांनी अशा उंचीवर जाऊच नये. विमानप्रवासही रक्तविकारतज्ज्ञांना विचारून करावा. वाहकांबाबत सरसकट मनाई नाही. पूर्वकल्पना आणि सावधगिरी हवी. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू आहे आणि त्यात तपासणी मोफत होते. ज्यांच्या कुटुंबात हा आजार आहे त्यांनी मुलांची तपासणी करून ते कार्ड जपून ठेवावे.

या विद्यार्थ्याचे काय करायचे, यावर विभागात बरीच चर्चा झाली. ‘जोखीम कशाला घ्या’ असे म्हणणारे वाईट नव्हते. पण आदिवासी पाड्यातून भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गापर्यंत पोचलेल्या मुलाने प्रामाणिकपणे कार्ड दाखविले आणि त्याचे फळ म्हणून तोच एकटा मागे राहिला, तर पुढच्या वर्षी कोणीही कार्ड दाखवणार नाही, हेही उघड होते. मी ओळखीच्या रक्तविकारतज्ज्ञांचा सल्ला घेतला. मुलाला कागदावर चित्र काढून सारे समजावले; त्याच्या घरी फोन केला. फोनवर आजी आली, कारण घरातील कागदपत्रे तिच्या ताब्यात. तिने ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “दुखलं तर खाली उतरायला गाडी असेल का?” माझ्या मते सबंध पूर्वतयारीत विचारला गेलेला सर्वांत नेमका प्रश्न तो होता. एक गाडी कायम रिकामी आणि चालकासह उभी राहील, असे त्यानंतरच ठरले; अंदाजपत्रकात ती आधी नव्हती.

मुलाने जायचे ठरविले. अटी अशा होत्या: ओझे उचलायचे नाही, धावायचे नाही, पाणी भरपूर, खारदुंग-लाची हौसेची फेरी नाही, आणि डाव्या कुशीत दुखले तर रात्री दोन वाजताही मला उठवायचे.

सरांच्या तयारीचे श्रेय त्यांच्या सूनबाईंना. रक्तदाब नियंत्रणात आहे याची खात्री, हृदयतज्ज्ञांकडून ताणचाचणी, आणि गोळ्यांचे दोन संच दोन वेगळ्या पिशव्यांत. एक बॅग हरवली तरी औषध चुकू नये म्हणून. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढविणारे औषधही मिसळलेले होते. कोरड्या हवेत आधीच शरीरातील पाणी उडते. त्यात उंचीसाठी दिली जाणारी अॅसिटाझोलामाइडची गोळीही लघवी वाढविते. दोन्ही मिळून क्षार घसरून चक्कर येऊ नये म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी प्रवासापुरती गोळी बदलून दिली. ही तपासणी प्रत्येक ज्येष्ठ प्रवाशाने करावी. पाकिटावरील ठळक नावाखाली बारीक अक्षरांत दुसरे औषध लिहिलेले असते, ते डॉक्टरांकडून वाचून घ्यावे.

अॅसिटाझोलामाइडविषयी दोन शब्द. ही गोळी प्रवाशांत ‘डायमॉक्स’ या नावाने ओळखली जाते. चढाईच्या आदल्या दिवसापासून १२५ मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या गोळीचा अर्धा तुकडा, दिवसातून दोनदा असा सर्वसाधारण डोस असतो. ती शरीराची जुळवणी लवकर करविते. आजार झाकत नाही. बोटांना मुंग्या येतात, सोडावॉटर बेचव लागते. सल्फाची अॅलर्जी असणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ती स्वतःहून कधीही घेऊ नये. झोपेची गोळी आणि मद्य यांना मात्र पहिल्या काही रात्री पूर्ण बंदी. दोन्ही श्वास मंदावतात.

लेहमधील पहिल्या रात्री एक प्राध्यापक घाबरून मला उठवायला आले. सरांचा श्वास थांबतो आहे, म्हणाले. मी जाऊन पलंगाशी बसलो. श्वास हळूहळू खोल होत जाई, मग उथळ, मग आठ-दहा सेकंद पूर्ण शांतता, आणि मग एक मोठा उसासा. असा लयबद्ध श्वास उंचावर जवळजवळ सर्वांचाच होतो, तरुणांचाही. मात्र शेजारी जागा असणाऱ्यास तो भयंकर वाटतो. सर शांत झोपले होते, ओठ गुलाबी होते. सकाळी त्यांनी गुरगुर-चहा, म्हणजे लोणी-मिठाचा लडाखी चहा, दोन पेले घेतला आणि मला तुमचे डोळे का सुजलेत म्हणून विचारले.

करोनाच्या साथीनंतर घराघरांत ऑक्सिमीटर आले, त्याचा उपद्रव येथे सोसावा लागतो. नव्या माणसाचे लेहमधील वाचन ८५ ते ९२ असणे अपेक्षितच असते. बोटे गार असली तर यंत्र वाटेल ते दाखविते. एका विद्यार्थिनीची आई रोज रात्री फोनवर आकडा विचारी आणि ८७ ऐकून रडे. मुलगी इकडे पत्ते खेळत असे. उंचावर आकड्यापेक्षा माणूस पाहावा. डोके दुखते का, जेवण जाते का, चाल सरळ आहे का, बसल्या जागी धाप लागते का? पहिल्या दोहोंपैकी काही असेल तर तेथेच थांबावे, वर जाऊ नये. तिसरे वा चौथे असेल तर मेंदूला सूज किंवा फुप्फुसात पाणी होण्याची शक्यता धरून, प्राणवायू लावून, रात्र असो की दिवस, खाली उतरावे. सकाळपर्यंत वाट पाहणे हा उपचार नव्हे.

आणि खाली उतरण्याबाबतच हानलेची मोठी अडचण आहे. नकाशावर ते लेहहून अडीचशे किलोमीटर आहे. पण हानले, लोमा, न्योमा हा सारा टापू चार हजार मीटरच्या वरचा. तेथून गाडी काढली तरी कित्येक तास आपण उतरतच नाही, नुसते सरकतो. उतार खरा सुरू होतो तो सिंधूच्या काठाने चुमाथांगच्या खाली. म्हणून आम्ही नियम केला की निर्णय चुमाथांगला घ्यायचा. सुमारे चार हजार मीटरवरील या गावी नदीकाठी गरम पाण्याचे झरे आहेत. तेथे रात्र काढायची आणि सकाळी ज्याचे डोके दुखत असेल त्याने पुढे यायचे नाही, मग तो कोणीही असो.

डोके दुखले ते वर्गातील सर्वांत काटक मुलाचे. सह्याद्रीतील पन्नासेक किल्ले पालथे घातलेला, कळसूबाई धावत चढणारा. (कळसूबाई १,६४६ मीटर आहे, तिच्यावर कितीही वेळा चढले तरी फुप्फुसांना लडाखची ओळख होत नाही.) संध्याकाळी तपासणीच्या वेळी त्याने हसून ‘एकदम ठीक’ सांगितले. जोडीदारानेही सांगितले, मैत्री ही अशी. जेवणानंतर मामा माझ्याकडे आले. “डॉक्टर, ते पोरगं जेवलं नाही. पानात चिवडत बसलं. आन् बुटाची लेस बांधताना दोनदा थांबलं.” खोलीत गेलो तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. एक उलटी झाली होती, तीही लपविलेली. सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालविले; तोल नीट होता. छाती स्वच्छ. पॅरासिटामॉल, पाणी, विश्रांती. दर दोन तासांनी उठवून पाहिले. पहाटे उलटी थांबली होती, पण डोके ठणकतच होते.

तो रडला. चुलत्यांकडून पैसे घेऊन आला होता. त्याच्या प्रबंधिकेचा विषयच ताऱ्यांच्या तेजमापनाचा. इतकेसे डोके दुखते म्हणून परत पाठवता, असे त्याचे म्हणणे. दोन प्राध्यापकांनाही वाटले की गोळी वाढवून न्यावे. मी नाही म्हटले. त्या अवस्थेत आणखी पाचशे मीटर वर नेले असते आणि रात्री त्याची चाल बिघडली असती, तर आजीबाईंच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. रिकाम्या गाडीत एक तरुण प्राध्यापक, प्राणवायूचे नळकांडे आणि माझी चिठ्ठी देऊन त्याला लेहच्या सोनम नोर्बू स्मृती रुग्णालयाकडे रवाना केले. रोज अशी माणसे पाहणारे ते रुग्णालय आहे. उपशी ओलांडताच डोके हलके झाले, असा निरोप दुपारी न्योमाजवळ मिळाला. गटात दोन तरी पोस्टपेड फोन असावेत हे मी आग्रहाने सांगितले होते, त्याचा उपयोग झाला.

ज्येष्ठ वाचकांपैकी बहुतेकांचा लडाखशी संबंध येणार नाही, पण केदारनाथशी येतो. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे, म्हणजे लेहहूनही किंचित उंच. आपली मंडळी हेलिकॉप्टरने काही मिनिटांत वर जातात, उपाशीपोटी थंडीत रांगेत उभी राहतात आणि ‘दम तर लागणारच’ म्हणून धाप अंगावर काढतात. हेलिकॉप्टर मिळाले तरी आधी गुप्तकाशीला दोन रात्री राहावे, दर्शनानंतर शक्यतो त्याच दिवशी खाली यावे. गेल्या सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका आलेला असेल, रक्तदाब आवाक्यात नसेल, घरीच प्राणवायू लागत असेल, तर जाण्याचा विचार सोडावा. मधुमेहींनी इन्सुलिन अंगावरच्या आतल्या खिशात ठेवावे. ते गोठले तर फेकून द्यावे लागते. साखर मोजण्याचे यंत्रही थंडीत चुकते, तेव्हा पट्ट्यांसह तेही उबेत हवे. आणि सोबत जाणाऱ्या सुनेने, मुलाने वा नातवाने आजी-आजोबांची चाल पाहावी. त्यांचे ‘मी ठीक आहे’ हे शब्द प्रमाण मानू नयेत. ते आपल्याला त्रास नको म्हणून बोललेले असतात.

हानलेला पोचलो तेव्हा ऊन होते आणि वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होते. डोंगरावरील दोन मीटर व्यासाची दुर्बीण सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाने ओळखली जाते. तिचे निरीक्षक मात्र बंगळुरूजवळच्या होसकोटेला बसून उपग्रहामार्फत ती चालवितात. वेधशाळेच्या रस्त्यावर तीस पावलांमागे एकदा थांबताना या व्यवस्थेमागील शहाणपण प्रत्येकाच्या लक्षात आले. गडचिरोलीचा विद्यार्थी घुमटाखाली सर्वांत शेवटी पोचला, कारण तो सांगितल्याप्रमाणे खरोखरच हळू चालला. त्याला काहीही झाले नाही. एका अनुभवावरून कोणत्याही वाहकाने निर्धास्त होऊ नये, पण त्या मुलासाठी तो दिवस चांगला गेला, एवढे मी नोंदवितो.

डिसेंबर २०२२ मध्ये हानलेचा परिसर अंधाऱ्या आकाशासाठी राखीव जाहीर झाला. त्यामुळे रात्री गावात उघडा दिवा नसतो. टॉर्चवर लाल कागद लावावा लागतो. प्रशिक्षण घेतलेली गावातील तरुण मंडळी लहान दुर्बिणी मांडून पाहुण्यांना आकाश दाखवितात. सप्टेंबरची थंडी शून्याजवळ होती. सरांना दोन स्वेटर, कानटोपी आणि घोंगडी लपेटून खुर्चीवर बसविले होते. आकाशगंगा दक्षिणेकडे जमिनीला टेकलेली दिसत होती. सर काही बोलले नाहीत. गावातील एक मुलगी देवयानी दीर्घिकेकडे दुर्बीण वळवीत होती. तिने त्यांना डोळा कोठे लावायचा ते समजावून सांगितले आणि ते तिचे नीट ऐकत राहिले. वीस मिनिटांनी त्यांची बोटे गार लागली म्हणून मी त्यांना आत नेले, ते थोडे नाराजीनेच.

दुसऱ्या रात्री ढग आले. तिसऱ्या दिवशी लेहला परतलो, तेव्हा तो काटक मुलगा पाहुणघराच्या अंगणात उन्हात बसून जर्दाळू खात होता. रुग्णालयाने त्याला एक रात्र ठेवून घेऊन सोडले होते. त्याने आमच्याकडे पाहिले नाही. मामा त्याच्या शेजारी जाऊन बसले, खिशातून हानलेच्या वाळूतला एक गुळगुळीत खडा काढून त्याच्या हातावर ठेवला. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, “दोन्ही रात्री आकाश मोकळं होतं?”

“एकच,” मामा म्हणाले. “दुसऱ्या राती ढग हुते. इचार डॉक्टरास्नी.”